अप्पारावांची पंधरा मिनिटं

सकाळी नऊच्या सुमाराला सुशीलाबाईंनी सासऱ्यांच्या अंगात कोट चढवला, हातात पानाचा डबा दिला आणि म्हणाल्या, "मामंजी, आज दिवसभर समोर केशवरावांच्या ओसरीवर बसता का? घरात जरा काम काढलंय."

"काम काढलंय तर मी हातभार लावतो की," अप्पाराव म्हणाले.

"तुम्ही स्वस्थ बसा, तोच हातभार."

अप्पारावांनी मान हलवली आणि ते उंबरा ओलांडून निघाले. काचीगुड्याच्या त्या गल्लीत केशवराव वकिलांचं घर बरोबर समोर, मध्ये चौदा पावलांचा रस्ता. पण पस्तीस वर्षं सरकारी दफ्तरखान्यात काढलेला माणूस चौदा पावलांसाठीसुद्धा कोटाशिवाय बाहेर पडत नाही. शिवाय अलीकडे त्या कोटाला नवंच महत्त्व आलं होतं. कोटाच्या आत, खिशाच्या वर, सुशीलाबाईंनी पांढऱ्या कापडाची पट्टी शिवली होती आणि तिच्यावर नात मालतीने धोब्याच्या पक्क्या शाईने सुवाच्य उर्दूत लिहिलं होतं: 'अप्पाराव. वृद्ध आहेत. रस्ता विसरतात. सापडल्यास काचीगुडा, केशवराव वकिलांच्या घरासमोर पोचवावे.'

पट्टी शिवण्याची वेळ दोन महिन्यांपूर्वी आली. अप्पारावांची लेक इंदुताई हिने चिक्कडपल्लीत नवं बिऱ्हाड केलं. ते दाखवायला मुलगा नरहर वडिलांना रिक्षात घालून घेऊन गेला. नरहर कचेरीतला माणूस, घाई त्याच्या अंगातच. "ही पिठाची गिरणी, हा चिंचेचा पार, इथून डाव्या हाताला तिसरं दार. कळलं? चला." अप्पाराव म्हणाले, "मला पंधरा मिनिटं या पारावर डोळे मिटून बसू दे." नरहर म्हणाला, "रस्त्यात कुठं डुलक्या काढता, अप्पा? लोक बघायलेत." पुढच्या आठवड्यात अप्पाराव एकटे निघाले ते चिक्कडपल्लीला न पोचता भलत्याच गल्लीत गेले. एका अनोळखी घरात त्यांनी दोन कप चहा घेतला आणि शेवटी एका गवळ्याने त्यांना घरी आणून सोडलं. त्या संध्याकाळी घराची किल्ली त्यांच्या कमरेवरून सुशीलाबाईंच्या कमरेला गेली. रोजची नारायणगुड्यापर्यंतची एकट्याची फेरी बंद झाली. आणि पट्टी आली.

अप्पारावांना त्या पट्टीचं फार लागलं होतं. नावं विसरतो, हे त्यांना मान्य होतं. मालतीला ते दिवसातून चारदा कुसुम या त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत. सकाळी काय खाल्लं, तेही दुपारी आठवत नसे. पण जागा? ज्या माणसाने चाळीस हजार बस्ते, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, यादी न बघता हाताने काढून दिले, त्याच्या छातीवर 'रस्ता विसरतात' असं लिहायचं म्हणजे काय?

जागा ध्यानात ठेवण्याचं गुपित त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी मिळालं होतं. दफ्तरखान्याचे म्हातारे मुहाफिज, म्हणजे कागदांचे राखणदार, त्यांना म्हणाले होते, "बस्ता रखे तो फौरन नक्को उठो, मियाँ. आँखां बंद करके पाव घंटा चुप बैठो. बस्ते को अपना घर पछानने दो." तेव्हापासून काहीही ठेवलं की अप्पाराव तिथेच पंधरा मिनिटं डोळे मिटून बसायचे. बोलायचं नाही, वाचायचं नाही, पान खायचं नाही. उठले की ती जागा कायमची त्यांची झाली. वय वाढलं तसं नुसतं बघून काही ध्यानात राहीनासं झालं, पण पंधरा मिनिटं मिळाली की अजूनही पक्कं बसत होतं. घरात मात्र याला 'अप्पांची डुलकी' हेच नाव होतं.

त्या डुलकीची सर्वांत मोठी बदनामी झाली ती गेल्या वर्षीच्या श्रावणात. शहरात रोज नवी अफवा उठत होती. रझाकारांच्या भीतीने माणसं सामान बांधून बाहेर पडत होती. नरहरनेही मनमाडला पाहुण्यांकडे जायचं ठरवलं. टांगा दारात आला, सगळे बसले, आणि अप्पाराव कुठेच नाहीत. शोधून शोधून सापडले ते केशवरावांच्या ओसरीवर, डोळे मिटून. "पाचच मिनिटं राहिली, नरहर," एवढंच बोलले. ती पाच मिनिटं होईपर्यंत काचीगुडा स्टेशनातून गाडी शिटी देऊन निघून गेली. दोन दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला लागला, मग दुसरी गाडी मिळाली. पुढे पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, सगळे सुखरूप परत आले. पण अप्पारावांवरचा 'गाडी घालवली' हा शिक्का काही पुसला गेला नाही.

आता आज घरात काय काम निघालं होतं, ते अप्पारावांना कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगायला हरकत नाही. मालती बी.ए. झाली होती आणि नारायणगुड्यातल्या मुलींच्या एका शाळेत तिची शिक्षिका म्हणून निवड झाली होती. घराण्यात नोकरी करणारी ही पहिली मुलगी. काल संध्याकाळी शिक्षण खात्याचं पत्र आलं: गुरुवारी दुपारी चारपर्यंत मूळ मुल्की सर्टिफिकेट दाखवावं, न दाखवल्यास जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल. मुल्की सर्टिफिकेट म्हणजे आपण याच मुलखातले, बाहेरून आलेले नाही, असं सांगणारा कागद. राज्य बदलल्यापासून नऊ महिन्यांत साहेब बदलले, पाट्या बदलल्या, पण या कागदाची मागणी तेवढी बदलली नव्हती. नवा काढायचा तर दोन महिने लागणार. जुना होता, पण तो पत्र्याच्या नळकांड्यात होता, आणि नळकांडं गावाला जाताना घरात लपवलं होतं. आल्यावर नरहरला वाटलं सुशीलेने काढून ठेवलं असेल, सुशीलेला वाटलं त्यांनी ठेवलं असेल, आणि आज गुरुवार उजाडला.

"अप्पांना सांगू नका," नरहर म्हणाला होता. "उगीच घाबरतील आणि मध्ये मध्ये येतील."

केशवरावांच्या ओसरीवर अप्पारावांनी कोट खुंटीला लावला, लाकडी बाकावर बैठक मारली, सवयीने एकदा छपराच्या वाशांकडे नजर टाकली आणि पान लावायला घेतलं. केशवराव शेजारी खुर्ची टाकून बसले. वकिली सोडल्यापासून त्यांना समोरच्या घराचा फार आधार होता.

थोड्या वेळाने समोरच्या दारातून नरहर आणि मालती तांदळाचा मोठा डबा ओढत बाहेर आले. अंगणात चादर पसरली आणि सगळा तांदूळ तिच्यावर उपडा केला.

"तांदळाला कीड लागली काय, अप्पाराव?" केशवरावांनी विचारलं.

"नाही. परवाच सुशीलेनं निवडलाय."

नरहर कोपरापर्यंत हात घालून तांदूळ चाळत होता. "इथंच आहे. मी स्वतःच्या हातानं ठेवलंय," हे त्याचं वाक्य रस्ता ओलांडून ऐकू आलं, पण काय ठेवलंय ते काही कळलं नाही. तांदूळ संपला. मग आत कुजबुज झाली. ती अशी, की नळकांडं तांदळात होतं खरं, पण लुटणारे पहिल्यांदा धान्यालाच हात घालतात म्हणून सुशीलाबाईंनी ते त्याच दिवशी तिथून काढलं होतं आणि देव्हाऱ्यामागे सरकवलं होतं.

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?" नरहर म्हणाला.

"तुम्ही टांगा आणायला गेला होता. कुणाला सांगू, घोड्याला?"

पाच मिनिटांनी सुशीलाबाई परातीत देव घेऊन बाहेर आल्या. मागून नरहर देव्हारा घेऊन आला. केशवराव खुर्चीत पुढे सरकले.

"देव निघाले, अप्पाराव. घर सोडायलात की काय?"

अप्पारावांच्या हातातलं पान तसंच राहिलं. घर सोडायचं आणि आपल्याला सांगायचं नाही. तांदूळ निघाला, देव निघाले, आणि सगळ्यांच्या आधी आपल्याला बाहेर काढलं. त्यांना खरोखर भीती वाटली. इंदुताईंकडे पाठवणार असतील, असा विचार मनात आला आणि चिक्कडपल्लीचा रस्ता तर आपल्याला येत नाही, हा त्याच्या पाठोपाठ आला. त्यांनी उठून अर्धा रस्ता ओलांडला आणि हाक मारली, "नरहर, काय चाललंय?"

"काही नाही अप्पा. तुम्ही स्वस्थ बसा."

ते परत येऊन बसले. तेवढ्यात आतून पहारीचे घाव ऐकू आले. देव्हाऱ्यामागे नळकांडं नव्हतं, पण तिथे भिंत पोकळ वाजत होती, आणि ते फटीतून आत घसरलं असणार, असं सुशीलाबाईंनी शपथेवर सांगितलं होतं. जुन्या चुन्याची भिंत, पहार लागली की ढलप्याच्या ढलप्या खाली. दारातून पांढरा धुरळा बाहेर आला आणि गल्लीतली माणसं थांबायला लागली. गेल्या वर्षी कुणी कुठे काय पुरलं, याच्या गोष्टी काचीगुड्यात घरोघर चालत होत्या. देव बाहेर काढून भिंत फोडतात म्हणजे काय निघणार, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. अर्ध्या तासात बातमी घरमालक आबासाहेबांपर्यंत गेली आणि ते जेवण अर्धवट टाकून आले.

"नरहरराव, भिंत माझी आहे," ते दारातच म्हणाले. "भिंतीतून जे निघेल ते मालकाचं. कायदा आहे तसा. विचारा केशवरावांना."

"त्यात काही नाही, आबासाहेब. एक सर्टिफिकेट आहे."

"सर्टिफिकेट भिंतीत ठेवतात काय? मी इथंच उभा राहतो."

आणि ते खरंच छत्री टेकून भोकासमोर उभे राहिले. नरहर घामाने निथळत होता, चुना त्या घामावर बसत होता. दुपारचे दोन वाजले तोवर त्याचे डोक्याचे केस, भुवया आणि मिशा पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. भोक दोन हात खोल गेलं, आणि तेव्हा कुठे मालतीचा धीर झाला.

"बाबा, ते तिथं नसणार. मी ते बंबात ठेवलं होतं."

नरहरने पहार खाली ठेवली. "काय?"

"लोक देव्हारा पहिल्यांदा फोडतात असं मैत्रीण म्हणाली होती. म्हणून मी बंबाच्या नळीत घातलं. त्या दिवशी बंब पेटवलेला नव्हता. परत आल्यावर वाटलं, आईनं पेटवण्याआधी काढलं असेल."

"मग दोन तास भिंत फोडू कशी दिलीस?"

"तुम्हीच म्हणलात, सगळे गप्प राहा, मला विचार करू द्या."

बंब म्हणताच सुशीलाबाईंच्या लक्षात आलं. परत आल्यापासून नऊ महिने बंब रोज पेटत होता. मालतीची नोकरी त्यात कधीच जळून गेली असणार, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. बंब अंगणात आला, उलटा झाला, पसाभर राख आणि काजळी निघाली. दुसरं काहीच नाही. पण मालती बी.ए.पर्यंत उगीच शिकली नव्हती. ती राखेत काडी फिरवत म्हणाली, "आई, कागद जळेल, पण पत्रा जळत नाही. नळकांड्याचा तुकडा तरी राहिला असता. म्हणजे पेटवण्याआधीच ते कुणीतरी काढलं."

"मी नाही," नरहर म्हणाला.

"मी पण नाही," सुशीलाबाई म्हणाल्या.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघांनी सावकाश माना वळवल्या आणि रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथे अप्पाराव हात मांडीवर ठेवून, सांगितल्याप्रमाणे स्वस्थ बसले होते.

तीन वाजून पाच मिनिटांनी सगळी वरात केशवरावांच्या ओसरीवर आली. पुढे नरहर, मागे सुशीलाबाई आणि मालती, त्यांच्या मागे छत्रीसकट आबासाहेब आणि गल्लीतली दहाबारा माणसं.

"अप्पा," नरहरने दम घेत विचारलं, "गावाला जायच्या दिवशी बंबाच्या नळीत एक पत्र्याचं नळकांडं होतं. तुम्ही पाहिलं होतं काय?"

"पाहिलं म्हणजे? मीच काढलं. कागद असलेली वस्तू बंबात कोण ठेवतं?"

"आणि मग?"

"मग इथं ठेवलं." अप्पारावांनी बोट डोक्यावर केलं. "या बाकाच्या बरोबर वर, वाशाच्या आणि कौलाच्या मधे. दफ्तरखान्याला धोका असला की कागद दफ्तरखान्यात ठेवत नाहीत, शेजारच्या इमारतीत हलवतात. केशवराव गाव सोडणार नव्हते. म्हणून इथं."

केशवराव खुर्चीतून उठले. "माझ्या घरात? आणि मला सांगितलं नाही?"

"ज्याला माहीतच नाही, त्याला धरून कुणाला काय मिळणार? तुमच्याच भल्यासाठी."

"पण अप्पा," नरहरचा आवाज चढला, "नऊ महिने तुम्ही गप्प का बसलात?"

अप्पारावांना प्रश्नच कळला नाही. "कुणी मागितलं होतं? मागणी आल्याशिवाय बस्ता जागेवरून हलवायचा नसतो. पस्तीस वर्षांत मी कधी हलवला नाही."

नरहर बाकावर चढला आणि त्याने वाशावर हात घातला. आधी जाळं निघालं. मग काड्या, मग चिमणीचं रिकामं घरटं. डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. काही नाही. तो खाली उतरला. आबासाहेबांनी घसा साफ केला.

"सुशीला," नरहर म्हणाला, "तू पट्टी शिवलीस ते बरोबरच केलंस."

ते शब्द अप्पारावांच्या वर्मी लागले. घरट्याच्या काड्या त्यांच्या पायाशी पडल्या होत्या आणि त्यांच्याकडे बघता बघता त्यांचा स्वतःवरचा भरवसा डळमळायला लागला. खरंच इथे ठेवलं होतं, की हेही चिक्कडपल्लीसारखंच? मालतीच्या चेहऱ्याकडे त्यांना बघवेना. मग त्यांना त्यांचे म्हातारे मुहाफिज आठवले, आणि ते बाकावर ताठ बसले.

"मला पंधरा मिनिटं द्या."

"आत्ता?" नरहरने कपाळावर हात मारला, तसा थोडा चुना उडाला. "अप्पा, सव्वातीन होत आले. याच पंधरा मिनिटांनी गाडी घालवली होती."

"बाबा, बसू द्या त्यांना," मालती म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण नरहर थांबला. ती गर्दीकडे वळली. "कुणी बोलू नका. आबासाहेब, छत्री आपटू नका."

अप्पारावांनी डोळे मिटले. ओसरीवर इतकी शांतता झाली की केशवरावांच्या घड्याळाची टिकटिक मोठी वाटायला लागली. हळूहळू तो दिवस आला. टांग्याच्या घोड्याचं खिंकाळणं. हाताला लागलेली बंबाची काजळी. बाकावर चढताना दुखलेला गुडघा. मग खाली बसणं, डोळे मिटणं, आणि मिटण्याआधी शेवटचं पाहिलेलं सगळं जसंच्या तसं: समोर आपलं घर, अलीकडे केशवरावांच्या पायऱ्यांपाशी तुळशीवृंदावन, आणि ते वृंदावन उजव्या हाताला. आज सकाळपासून ते कुठल्या हाताला होतं? सहा मिनिटं झाली होती तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"केशवराव, तुळस हलवली काय?"

"तुळस कशी हलवू? चुन्यात बांधलेलं वृंदावन आहे ते."

"मग त्या दिवशी ती माझ्या उजव्या हाताला होती. आज डाव्या हाताला आहे."

केशवरावांनी तुळशीकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं आणि सावकाश जीभ चावली. "हौ. बाक पहिले त्या टोकाला होता. थंडीत उन्हाला बसायला म्हणून इकडं ओढला, तो इकडंच राहिला."

"बाक हलला," अप्पाराव म्हणाले. "कागद हलला नाही."

चौघांनी बाक उचलून ओसरीच्या त्या टोकाला नेला. या वेळी मालती चढली. तिने वाशावर हात घातला, कोपरापर्यंत आत सरकवला, आणि पत्र्याचा खणखणाट सगळ्या गल्लीने ऐकला. नळकांडं धुळीने माखलं होतं, पण झाकण घट्ट होतं. आत सर्टिफिकेट कोरडं ठणठणीत. आबासाहेबांनी नळकांडं हातात घेऊन उलटं केलं, आत डोळा लावून पाहिलं आणि परत दिलं.

"दुसरं काही नाही?"

"नाही."

"मग भिंत कोण बुजवणार?" ते म्हणाले, आणि पाय ओढत निघाले.

साडेतीनला पाच कमी होते. कुणीतरी रिक्षा थांबवली. मालती चढली, नरहर नुसत्या बंडीवर तिच्या मागे धावला आणि अर्ध्या वाटेत थबकला. कचेरीत बंडीवर कसं जायचं? त्याचा कोट घरात तांदूळ, देव आणि बंब यांच्याखाली कुठेतरी होता. त्याने ओसरीवरच्या खुंटीवरचा कोट ओढला आणि अंगात घातला.

"अरे नरहर, तो कोट..." अप्पाराव म्हणाले.

"अप्पा, आता तुम्ही स्वस्थ बसा," नरहर म्हणाला आणि रिक्षा निघाली.

अप्पाराव स्वस्थ बसले. सुशीलाबाई घरात जाऊन परत आल्या. त्यांच्या हातात दुधाचा पेला होता आणि कमरेची किल्ली सुटलेली होती. पेला बाकावर ठेवून त्यांनी किल्ली सासऱ्यांच्या हातात दिली.

"मामंजी, माझं चुकलं. त्या दिवशी गाडी गेली म्हणून मी वर्षभर बोलत राहिले. तेव्हा तुम्ही बसला नसता तर आज पोरीची नोकरी गेली असती."

"अगं, गाड्या रोज सुटतात," अप्पाराव म्हणाले. त्यांनी किल्ली कमरेला खोचली आणि तिच्यावरून दोनदा हात फिरवला. त्यांना इतका आनंद झाला होता की दूध प्यायचं राहून गेलं.

पाच वाजता मालती एकटीच आली. कोपऱ्यावरच रिक्षातून उतरून ती जवळजवळ पळत आली, आणि तिच्या तोंडाकडे बघूनच सगळ्यांना कळलं. "सोमवारपासून जायचं. साहेबांनी कागद बघितला, शिक्का मारला, चारला दहा मिनिटं होती." तिने आधी आजोबांच्या पायाला हात लावला. "आजोबा, सोमवारी तुम्ही माझ्याबरोबर शाळेपर्यंत चला. मी रस्ता दाखवते. मग समोर कुठंतरी पंधरा मिनिटं बसू. दुसऱ्या दिवसापासून मला न्यायला तुम्ही एकटे या."

"येईन की, कुसुम."

"मालती, मामंजी," सुशीलाबाई म्हणाल्या.

"नावं सांभाळायचं काम दुसऱ्या शाखेकडं होतं," अप्पाराव म्हणाले. "पण नरहर कुठं आहे?"

"घरी आले नाहीत?" मालती दचकली. "कचेरीच्या खोल्या सगळ्या बदलल्यात. मला दारापाशी सोडून ते पाणी शोधायला गेले. मी बाहेर आले तर ते दिसेनात. मला वाटलं, पुढं आले असतील."

साडेपाच वाजता एक रिक्षा गल्लीत शिरली. तिच्यात पट्टेवाला चपराशी बसला होता आणि त्याने एका पांढऱ्या केसांच्या, पांढऱ्या मिशांच्या गृहस्थाला दंडाला धरून ठेवलं होतं. रिक्षा केशवरावांच्या घरासमोर थांबली. चपराशाने दोन्ही घरांकडे पाहिलं आणि ओसरीवरच्या वृद्ध गृहस्थांना सलाम केला.

"साब, ये बुजुर्ग आपके घर के हैं क्या? दफ्तर में चक्कर आ के बैठ गए थे. कोट खोले तो अंदर पता लिखा था. रस्ता भूल जाते कते."

"मी सांगायलोय त्यांना सगळ्या रस्त्यानं," नरहर ओरडला, "की मी अप्पाराव नाही."

"येइच बोल रैं पूरे रस्ते," चपराशी सहानुभूतीने म्हणाला. "मैं अप्पाराव नै, मैं नरहर हूँ कते. नरहर इनके बेटे का नाम है क्या, साब?"

"जी हाँ," अप्पाराव म्हणाले. "अप्पाराव के बेटे का नाम है."

"उमर हो गई ना. डाँटो नक्को. इनको अकेले बाहर नक्को छोड़ो, बस."

केशवराव खांबाकडे तोंड करून उभे राहिले. मालतीने पदर तोंडात कोंबला. सुशीलाबाई घाईने पाणी आणायला आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. अप्पारावांनी मात्र तोंडावरची रेष हलू दिली नाही. त्यांनी केशवरावांकडून कागद आणि टाक मागून घेतला आणि नीट अक्षरात लिहिलं: 'एक गृहस्थ, सुस्थितीत, पोचले.' खाली सही केली, तारीख घातली आणि तो कागद चपराशाला दिला. चपराशी पुन्हा सलाम करून गेला.

मग त्यांनी मुलाला हाताला धरून बाकावर बसवलं, आपलं राहिलेलं दूध त्याच्या हातात दिलं आणि स्वतः शेजारी बसले. नरहरने दूध एका दमात संपवलं. तोंड पुसलं. थोड्या वेळाने त्याने मान वळवून पाहिलं तर अप्पाराव हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून, ताठ बसले होते.

"अप्पा, आता कशाला?" त्याने थकलेल्या आवाजात विचारलं.

अप्पारावांनी डोळे उघडले नाहीत.

"तुला कुठं ठेवलं, ते लक्षात राहायला नको का?"